नकाशावरचा रंग आणि समुद्रातला पाकट

माशांविषयीच्या कोणत्याही जाडजूड संदर्भग्रंथात प्रत्येक जातीच्या वर्णनाशेजारी एक लहानसा नकाशा असतो. त्यात समुद्राचा काही भाग रंगवलेला असतो आणि रंगवलेल्या भागात हा मासा आढळतो, असे आपण समजतो. नकाशा छापील असतो, रंग सलग असतो, त्यामुळे शंका घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि पुढे परीक्षेतही काढतात. या लेखात आम्हाला अशा नकाशांची, आणि ते ज्यांच्या आधारे काढले जातात त्या याद्यांची, थोडी चिकित्सा करायची आहे. उदाहरण म्हणून पाकट मासे घेतले आहेत, आणि त्यातही बेटांभोवतीच्या समुद्रातले. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यांतले बरेचसे नकाशे मासे कुठे आहेत हे सांगत नाहीत. माणसे कुठे गेली आणि तिथे त्यांनी कोणते नाव लिहिले, एवढेच सांगतात. मात्र तशी सूचना नकाशाखाली छापलेली नसते.

पाकट म्हणजे शार्कचे चपटे नातेवाईक. सांगाडा हाडांचा नव्हे, कूर्चेचा. छातीचे पर डोक्याला जोडले जाऊन शरीराची चकती झालेली, तोंड व कल्ल्यांच्या फटी खालच्या अंगाला, आणि बहुतेकांना चाबकासारखे शेपूट. २०१६ साली 'रेज ऑफ द वर्ल्ड' हा जगातील सर्व पाकट गटाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ६३३ जातींची वर्णने आहेत. ग्रंथ उत्तम आहे आणि त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. उलट पूर्वीचे नकाशे किती ढिसाळ होते, हे तो चाळताना प्रकर्षाने जाणवते.

निळ्या ठिपक्यांचा एक लहान पाकट आहे. त्याच्या डोळ्यांवरून काळपट पट्टा जातो, त्यामुळे मुखवटा घातल्यासारखा दिसतो. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असतात. योहानेस म्युलर आणि याकोब हेन्ले या दोन जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी १८४१ मध्ये त्याचे वर्णन करून हाइन्रिश कूल या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले. कूल १८२१ मध्ये जावा बेटावर ऐन तारुण्यात वारला होता. (हे हेन्ले म्हणजे आपण मूत्रपिंडाच्या धड्यात ज्याचा 'पाश' शिकवतो तेच!) म्युलर-हेन्ले यांच्यापुढे जे नमुने होते, त्यांत व्हानिकोरो बेटावरचा नमुना महत्त्वाचा. हे सॉलोमन बेटांच्या पूर्वेकडचे एक चिमुकले बेट. 'आस्त्रोलाब' हे फ्रेंच जहाज १८२८ मध्ये ला पेरुझच्या बुडालेल्या जहाजांचा शोध घेत तिथे पोचले होते. जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञांनी हाती लागले ते प्राणी गोळा केले.

पुढे गंमत सुरू झाली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर निळ्या ठिपक्यांचा पाकट सापडला, त्याला हेच नाव. भारतात सापडला, हेच नाव. जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात, इंडोनेशियात, सगळीकडे हेच. विसाव्या शतकाच्या अखेरीस नकाशावर आफ्रिकेपासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत एकच रंग फासला गेला होता. म्हणजे एका बेटावरच्या माशाचे नाव अर्ध्या पृथ्वीला लावले गेले. २०१६ मध्ये लास्ट, व्हाइट व सेरे या तज्ज्ञांनी निरनिराळ्या ठिकाणचे नमुने शेजारी ठेवून मोजमापे केली, तेव्हा या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे दिसले. मूळ नाव सॉलोमन बेटांच्या परिसरापुरते उरले. २०१८ मध्ये आणखी काही जाती वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांपैकी एकीचे नाव 'निओट्रायगॉन इंडिका', आणि त्या कामात मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता.

या सर्व नव्या जाती सर्वांना मान्य आहेत असे नाही. काहींचा आधार मुख्यतः तंतुकणिकांतील डीएनए हा आहे, आणि तो फक्त आईकडून येतो. समजा माद्या एकाच परिसरात राहत असतील आणि नर लांबवर फिरत असतील, तर या डीएनएवरून दिसणारी सीमारेषा प्रत्यक्षापेक्षा ठळक दिसेल. हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. पण आक्षेप मान्य केला तरी जुना एकरंगी नकाशा परत येत नाही.

मुळात तो नकाशा खरा मानण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: हा मासा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणार कसा? प्रवाळातले रंगीबेरंगी अस्थिमत्स्य अंडी घालतात, त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले पाण्याबरोबर कित्येक दिवस वाहत जातात. त्यामुळे खडकातून कधी न हलणाऱ्या माशाची संततीही दूरच्या बेटावर पोचू शकते. पाकट माशांत ही सोय नाही. शेपटीत काटा असणारे पाकट थेट पिल्लांना जन्म देतात, तीही थोडी, आणि पिल्लू जन्मतःच आईबापाची लहान आवृत्ती असते. स्केट नावाचे त्यांचे भाऊबंद चामड्यासारख्या पिशवीत अंडी घालतात, ती तळाशीच पडून राहतात. दोन्हींत वाहून जाणारी अवस्था नाही. जायचे तर पोहत जायचे. मँटासारख्या, समुद्रात उंडारणाऱ्या, मोठ्या पाकटाला ते जमते. वाळूत अर्धवट पुरून घेऊन खेकडे-कोळंबी शोधणाऱ्या हातभर रुंदीच्या पाकटाला दोन बेटांमधला हजार मीटर खोल समुद्र म्हणजे भिंतच.

म्हणून बेटांचे उदाहरण घेतले. मुख्य भूमीच्या किनाऱ्यालगत उथळ समुद्राचा पट्टा सलग असतो. तिथे दोन नोंदींमधली जागा रंगवली तर फारसे बिघडत नाही. बेटांच्या बाबतीत दोन नोंदींमधली जागा हाच खरा प्रश्न असतो, आणि रंगाचा कुंचला नेमका तोच पुसून टाकतो.

आता आपल्या बेटांकडे येऊ. अंदमानच्या माशांवर फ्रान्सिस डे यांचा निबंध १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. १८७५ ते ७८ या काळात त्यांचा 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला. डे लष्करी सेवेतले डॉक्टर होते, आणि एकट्या माणसाने केलेले ते काम पाहून आजही थक्क व्हायला होते. पण आढळाविषयी त्यांच्या ग्रंथात एखादी ओळ असते, अमुक समुद्रापासून तमुक द्वीपसमूहापर्यंत अशा थाटाची. त्या काळी ते पुरेसे होते. दोष डे यांचा नाही. दोष ती ओळ पुढच्या यादीत, त्या यादीवरून त्यापुढच्या यादीत उतरवणाऱ्यांचा आहे. दरम्यान माशाचे नाव बदलले की यादीतले नाव बदलते, पण तो मासा पुन्हा कोणी पाहिलेला नसतो. निळ्या ठिपक्यांचा पाकट 'डॅसिॲटिस'चा 'निओट्रायगॉन' झाला, आणि याद्यांतल्या जुन्या नोंदींनी नुसते नवे कपडे घातले. कधी कधी तर जुने नाव आणि नवे नाव दोन्ही यादीत राहतात आणि एका माशाचे दोन होतात. अशा रीतीने यादी वाढत जाते आणि वाढ म्हणजे प्रगती असा समज होतो.

याच्या उलट उदाहरण द्यायचे तर लक्षद्वीपचे देता येईल. जोन्स व कुमारन यांचे या बेटांच्या माशांवरचे पुस्तक १९८० मध्ये निघाले. त्यात ६०३ जातींची वर्णने आकृत्यांसह आहेत. वर्णन आणि आकृती असली की पन्नास वर्षांनंतरही वाचणाऱ्याला ताडून पाहता येते की यांच्या हाती खरोखर कोणता मासा होता. नाव चुकले असेल तर दुरुस्त करता येते. नुसत्या नावाच्या यादीत दुरुस्त करण्याजोगे काही नसतेच.

तरीही लक्षद्वीपमध्ये पाकट किती, या प्रश्नाला मासेमारीच्या आकड्यांतून उत्तर मिळणार नाही, आणि त्याचे कारण मासे नसून गळ आहे. तिथली मुख्य मासेमारी ट्यूनाची, तीही जिवंत आमिष पाण्यात टाकून एकेक मासा काठीच्या गळाने ओढायची. या पद्धतीत तळावरचा पाकट सापडायचा संबंधच येत नाही. प्रवाळाच्या तळावरून ट्रॉलरचे जाळे ओढता येत नाही, ते फाटते. मुख्य भूमीवरची पाकटांची आकडेवारी मात्र मोठ्या प्रमाणावर ट्रॉलरमुळेच मिळते. तेव्हा दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडून बेटांवर पाकट कमी असा निष्कर्ष काढणे म्हणजे, ज्या घरात तराजू नाही त्या घरातली माणसे हलकी आहेत असे म्हणण्यासारखे आहे.

लक्षद्वीपचे दक्षिणेकडचे टोक म्हणजे मिनिकॉय. तिथून मालदीवची पहिली बेटे सुमारे १३० किलोमीटरवर. दोन्हीकडची भाषा जवळजवळ एकच, मासेमारीची रीतही एकच. पण मँटाच्या नोंदी पाहिल्या तर जणू समुद्राच्या मधोमध कुंपण आहे. मालदीवमध्ये मँटांची हजारो छायाचित्रे जमवली गेली आहेत. या माशाच्या पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकात वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यामुळे छायाचित्रावरून एकेक मासा ओळखता येतो. पद्धत सुंदर आहे. माशाला इजा नाही, आणि वर्षानुवर्षे तोच मासा कुठे कुठे दिसला हे कळते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. छायाचित्रे पाणबुडे पर्यटक जिथे जातात तिथून येतात. बा कंकणद्वीपातल्या हनिफारू उपसागरात मँटांची गर्दी होते आणि ती पाहायला माणसांचीही. जिथे विश्रामगृह नाही, नाव जात नाही, तिथला समुद्र नकाशावर कोरा राहतो. अशा कोऱ्या जागेचा अर्थ 'मासा नाही' असा नसून 'पाहिले नाही' असा आहे. हे दोन अर्थ नकाशावर वेगवेगळ्या खुणांनी दाखवायला हवेत. बहुतेक नकाशांत दोन्ही एकाच पांढऱ्या रंगात दिसतात.

ही गोष्ट वर्गात करून दाखवता येण्यासारखी आहे. आठवी-नववीच्या मुलांना गावातल्या पिंपळांचा नकाशा करायला सांगा. आठवड्याने सगळ्यांचे ठिपके एका मोठ्या कागदावर उतरवा. शाळेकडे येणाऱ्या रस्त्यांवर ठिपक्यांच्या रांगा दिसतील आणि ओढ्यापलीकडे एकही नसेल. मग मुलांना विचारा, पिंपळाला रस्ता आवडतो का? कोणत्या मुलाने कोणत्या रस्त्याने किती वेळा जाऊन पाहिले, हे दुसऱ्या रंगाने त्याच कागदावर काढले की उत्तर त्यांचे तेच देतील. शास्त्रीय भाषेत याला निरीक्षण-प्रयत्नांची नोंद म्हणतात, आणि ती नसलेला नकाशा आम्ही तरी अर्धाच मानतो.

अंदमानात परिस्थिती थोडी वेगळी. तिथे गळांच्या लांब रांगा लावून आणि जाळी टाकून मासेमारी होते. दक्षिण अंदमानातल्या धक्क्यांवर शार्क व पाकट उतरवले जातात. २०१७-१८ मध्ये संशोधकांनी त्या धक्क्यांवर जाऊन, उतरलेला प्रत्येक मासा पाहून, मोजून नोंदी केल्या. २०१८ मध्ये इथल्या शार्क माशांवर प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने प्रचलित याद्यांचीही छाननी केली. आमच्या मते गेल्या काही वर्षांतले हे सर्वांत उपयोगी काम आहे. तरी धक्क्यावरच्या नोंदीला दोन अडचणी चिकटलेल्या असतात. मासा उतरला कुठे हे कळते, पकडला कुठे हे नावाड्यालाच ठाऊक. आणि चांगली जागा कोणता नावाडी सांगेल? दुसरी अडचण शेपटीची. काटा लागू नये म्हणून पाकटाचे शेपूट पुष्कळदा नावेतच छाटतात. ओळखीच्या खुणा मात्र बऱ्याचशा शेपटीवर असतात: पट्टे, त्वचेची घडी, काट्याची जागा. बिनशेपटीचा पाकट धक्क्यावर येतो आणि वहीत 'पाकट' एवढीच नोंद होते.

'पाकट' एवढीच नोंद झाली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. आयरिश समुद्रात काय बिघडले ते पाहा. ब्रिटन आणि आयर्लंड या दोन बेटांमधल्या या समुद्रात 'कॉमन स्केट' नावाचा प्रचंड मासा इतका होता की नावच 'सामान्य' पडले. बंदरांवर सगळे स्केट व पाकट एकाच रकान्यात मोजले जात. १९८१ मध्ये ब्रँडर यांनी दाखवून दिले की हा मासा त्या समुद्रातून जवळपास नाहीसा झाला आहे. एकूण वजनाचा रकाना पाहणाऱ्यांना ते जाणवले नव्हते, कारण मोठ्याची जागा लहान जातींनी भरून काढली होती. त्यावर कडी म्हणजे, हा 'सामान्य' मासा एक जात नसून दोन आहेत हे इग्लेसियास आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास स्पष्ट केले. एकोणिसाव्या शतकात त्या वेगळ्या मानल्या जात. १९२६ च्या एका मोनोग्राफमध्ये त्या एकत्र केल्या गेल्या आणि पुढे ऐंशी वर्षे कोणी पुन्हा तपासले नाही. दोन्हींपैकी जी मोठी, उशिरा वयात येणारी, तिची अवस्था अधिक वाईट निघाली.

आपल्याकडे नावाचा घोळ कायद्यापर्यंत गेला आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही शार्क व पाकट गटातले मासे घालण्यात आले. निर्णय चांगला होता. त्यातला एक गिटारमासा 'ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस'. हे नाव जेद्दाह बंदरावरून पडलेले, फोर्स्कॉल यांच्या १७७५ सालच्या ग्रंथातले. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की हा मासा हिंदी महासागराच्या पश्चिम भागातला, तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचा. भारतीय किनाऱ्यावर आणि अंदमानकडे जे सापडतात त्यांची नावे वेगळी आहेत. म्हणजे कायद्याने ज्याला अभय दिले तो येथला रहिवासी नाही, आणि येथल्या रहिवाशाचे नाव त्या कागदावर नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टे नव्याने मांडली गेली. पण मधली वीस वर्षे कोणी अधिकाऱ्याने धक्क्यावर गिटारमासा धरला असता, तर पकडणाऱ्याच्या वकिलाला वर्गीकरणशास्त्राचे एखादे पुस्तक दाखवणे पुरेसे होते. वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची पोपटपंची असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आणि नोंद इतकी विरळ असली की तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही, तेव्हा काय होते? १८६२ मध्ये फॉन मार्टेन्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, मासळी बाजारात एक लहान पाकट मिळाला. १८६४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले: 'युरोलोफस जावानिकस'. तो एकच नमुना. पुन्हा कधी कोणाला तसा मासा मिळाला नाही. नकाशावर एक ठिपका होता, आणि तोही बाजाराचा. मासा नेमका कोणत्या पाण्यातला, हे त्या ठिपक्यात नाही. २००१ पासून इंडोनेशियाच्या बंदरांवर शार्क-पाकटांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली, हजारो मासे पाहिले गेले, त्यांत हा नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये तो नामशेष झाल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने जाहीर केले. माणसाच्या करणीने नामशेष झाल्याचे जाहीर झालेला हा पहिला समुद्री मासा. 'नाही' असे म्हणायला मधल्या काळातल्या त्या कंटाळवाण्या, रोज बाजारात जाऊन काही न सापडल्याच्या नोंदी लागल्या. त्या नसत्या तर हा पाकट अजूनही यादीत सुखाने नांदत असता.

पाण्याच्या नमुन्यातले डीएनए तपासून कोणते मासे तिथून गेले हे ओळखण्याची पद्धत आता आली आहे, आणि तिच्यामुळे हे सारे प्रश्न सुटतील असे सांगितले जाते. आम्हाला तितका विश्वास नाही. पाण्यातला डीएनए ओळखायला तुलनेसाठी नाव लावलेला डीएनए लागतो. ते नाव बिनशेपटीच्या पाकटावरून लावलेले असेल, तर चूक तीच राहील, फक्त ती यंत्रातून बाहेर येईल.

अंदमान आणि लक्षद्वीपच्या पाकटांची पुढची यादी कशी असावी, याविषयी आमच्या अपेक्षा फार नाहीत. प्रत्येक नावापुढे पुरावा काय, संग्रहालयातला नमुना की छायाचित्र की नुसती जुनी यादी, हे लिहिलेले असावे. पकडल्याची जागा आणि उतरवल्याची जागा असे दोन वेगळे रकाने असावेत. किती दिवस, कोणत्या साधनाने शोधले, ते असावे. ज्या बेटाभोवती कोणी पाहिले नाही, तिथे तसे स्पष्ट लिहावे. अशा यादीत जातींची संख्या कदाचित आजच्याहून कमी भरेल, आणि ती तयार करणाऱ्यांना त्याबद्दल बोलणी खावी लागतील.

लक्षद्वीपमध्ये सुरुवात मिनिकॉयपासून करणे सोयीचे होईल. तिथले ट्यूनावाले रोज समुद्रात असतात, त्यांना मँटा माहीत आहे, आणि तुलनेला मालदीवच्या पोटाच्या ठिपक्यांचा संग्रह तयारच आहे. मिनिकॉयजवळ टिपलेल्या एका जरी मँटाचे ठिपके त्या संग्रहातल्या एखाद्याशी जुळले, तर मधले १३० किलोमीटर रंगवायला निदान एक कारण मिळेल.